इंजिन कशावर बसवायचं? रबर माउंट, सॉलिड माउंट आणि वाळूतली शर्यत

आजचा विषय पत्रकात वाचून दोघातिघांनी विचारलं, की सर, छपाईत काही घोळ झालाय का. घोळ नाही. मागच्या व्याख्यानात आपण 'यंत्र' ह्या कल्पनेविषयी बोललो होतो. ते ऐकून अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी श्रोत्यांनी लांबलचक पत्र पाठवलं. त्यांचा मुलगा यामाहा बॅन्शी ह्या एटीव्हीवर वाळूतल्या ड्रॅग शर्यती खेळतो. गेल्या हंगामात त्यानं इंजिनाचे रबर बुश काढून त्या जागी अॅल्युमिनियमचे सॉलिड माउंट बसवले. ह्या हंगामात इंजिन जिथं धरलेलं असतं त्या ब्रॅकेटपाशी चासीला तडा सापडला. वडील म्हणतात, रबर परत लाव. मुलगा म्हणतो, रबर लावून कुणी जिंकत नाही. 'तुम्ही तत्त्वज्ञानवाले, आमचा निवाडा करा,' असं पत्राच्या शेवटी आहे. थोडं चेष्टेनं लिहिलं असावं. मी ते गंभीरपणे घेतलं, आणि गेले दोन महिने ह्याच विषयात बुडालोय.

आधी गाडी समजून घेऊ. एटीव्ही म्हणजे चार फुगीर चाकांची, मोटरसायकलसारखी स्वार होऊन चालवायची गाडी. बॅन्शी १९८७ साली आली आणि अमेरिकेत २००६ पर्यंत विकली गेली. वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. इंजिन दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, पाण्यानं थंड होणारं. बोअर ६४ मिलिमीटर, स्ट्रोक ५४. हे आकडे ऐकून मागच्या रांगेतल्या काहींचे डोळे चमकलेले दिसतायत. बरोबर आहे. १९८३ पासून एस्कॉर्ट्स कंपनीनं आपल्याकडे काढलेल्या राजदूत ३५० चं मापही तेच. ती हवेनं थंड होणारी होती, पण घराणं एकच. तेव्हा ही परकी गाडी वाटली तरी तिचा आवाज आपल्या ओळखीचा आहे.

ड्रॅग शर्यत म्हणजे सरळ रेषेत, उभ्या गाडीपासून सुरू करून, ठरलेलं अंतर कोण आधी कापतो ते बघायचं. वाळूत हे अंतर बहुधा ३०० फूट असतं. मागच्या चाकांना वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे पॅडल टायर. मागचा स्विंगआर्म लांब केलेला, म्हणजे पुढचं टोक उचलून गाडी उलटू नये. पुष्कळ जण मागचा शॉक अॅब्सॉर्बर काढून त्याजागी नुसता दांडा लावतात. सगळा खेळ काही सेकंदांत आटोपतो. हे 'काही सेकंद' लक्षात ठेवा, पुढं कामाला येतील.

आता मूळ प्रश्न. इंजिन हलतंच का?

पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो. इंजिन मिनिटाला ८५०० फेऱ्यांनी फिरत असलं तर हे सेकंदाला १४२ वेळा होतं. स्ट्रोक ५४ मिलिमीटर, म्हणजे क्रँकची त्रिज्या २७. हिशोब मांडला तर टोकाला पिस्टनचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दोन हजार पटींच्या पुढं जातं. पिस्टन, रिंगा आणि पिन मिळून पाव किलो धरा. त्याला थांबवून उलटं फिरवायला सुमारे ५४५ किलोचं बळ लागतं. पाव किलोला! आणि तेही सेकंदाला १४२ वेळा.

बॅन्शीत दोन पिस्टन एकमेकांच्या उलट चालतात. एक वर तेव्हा दुसरा खाली. त्यामुळे ही दोन मोठी बळं एकमेकांना खोडतात, पण पुरती नाही, कारण ती एका रेषेत नाहीत. शेजारीशेजारी आहेत. पलंगाच्या दोन टोकांना दोन माणसं उभी राहून एकानं उचलायचं तेव्हाच दुसऱ्यानं दाबायचं, असं आळीपाळीनं करत राहिलं तर पलंग वर उडणार नाही, पण डोलत राहील. इंजिनाचं तसंच होतं. डावी-उजवीकडे डोलतं. हे डोलणं मारायला काही इंजिनांत वेगळा बॅलन्सर शाफ्ट असतो. बॅन्शीत तो नाही. ह्याशिवाय दुप्पट गतीची बारीक थरथर असते, ती दोन्ही पिस्टनची मिळून वाढते.

तेव्हा कंप इंजिनात जन्मतो आणि माउंट काहीही लावा, तो जन्मायचा थांबत नाही. माउंटनं फक्त ठरतं, की तो जाणार कुठं. रबर लावलं तर इंजिन स्वतः जास्त हलतं आणि चासी कमी. सॉलिड लावलं तर इंजिन आणि चासी मिळून एक वस्तू होते, दोघं बरोबर हलतात. मुलाला वाटतं सॉलिडनं इंजिन 'घट्ट' झालं. वडिलांना वाटतं रबरानं कंप 'शोषला'. दोघांचेही शब्द जरा सैल आहेत.

रबराचं काम कसं चालतं ते बघू. आपल्या वैशेषिकांनी गुणांच्या यादीत 'संस्कार' नावाचा एक गुण सांगितलाय आणि त्याचे तीन प्रकार केलेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे सुटलेल्या बाणाला पुढं नेत राहतो तो. भावना म्हणजे अनुभवाचा मनावर उरलेला ठसा, ज्यातून आठवण होते. आणि स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली फांदी सोडली की मूळ जागी जाते तो. शाळेत आपण जी 'स्थितिस्थापकता' शिकलो तो शब्द ह्याच कुळातला. मला गंमत वाटते ती ही, की रबराच्या बुशात तिन्ही गोष्टी सापडतात. त्यावर टांगलेल्या इंजिनाला वेग आहे, बुशाला परत येण्याची ओढ आहे, आणि जुन्या बुशाला आजवरच्या दाबाची, उन्हाची, तेलाची आठवणही आहे. ह्या शेवटच्या गोष्टीकडे मी परत येणार आहे.

स्प्रिंगवर बसवलेल्या कुठल्याही वजनाची हलण्याची एक स्वतःची गती असते. झोपाळ्याला असते तशी. झोका त्याच गतीनं दिला तर तो चढत जातो. त्याच्यापेक्षा फार भरभर ढकलत राहिलात तर झोपाळा जागच्या जागी कुरकुरतो. रबर माउंटचं रहस्य एवढंच. इंजिनाचा कंप माउंटच्या स्वतःच्या गतीच्या साधारण १.४ पटींच्या वर असेल तरच रबर कंप अडवतं. त्याच्या खाली ते कंप वाढवतं. होय, वाढवतं. रबर म्हणजे उशी, ही आपली समजूत इथं साफ फसते.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीचे घेतोय, पण प्रमाण खरं आहे. इंजिन ३५ किलोचं धरा आणि रबर असं मऊ, की त्यावर इंजिनाची स्वतःची गती सेकंदाला ३० कंपनं. म्हणजे मिनिटाला १८०० फेऱ्यांना सगळं थरथरेल, साधारण २५५० च्या वर गेलं की रबर काम करू लागेल, आणि ८५०० ला आदर्श हिशोबानं कंपाचा वीसावा हिस्साही चासीपर्यंत पोचणार नाही. उत्तम! मग तक्रार कसली?

तक्रार चेनची. शर्यत सुटते त्या क्षणी चेन मागचं चाक ओढते, आणि तेवढ्याच जोरानं इंजिनालाही मागं ओढते. धरा, की पहिल्या गिअरमधून पुढच्या छोट्या स्प्रॉकेटपर्यंत २०० न्यूटन-मीटरचा पीळ पोचला. चौदा दात्यांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे चेनमध्ये ताण झाला सुमारे ५६०० न्यूटन, पावणेसहाशे किलोच्या जवळ. आपण वर घेतलेलं मऊ रबर ह्या ताणाखाली साडेचार मिलिमीटर दबेल. प्रत्यक्षात रबर दबता दबता कडक होतं, तेव्हा थोडं कमी धरा. पण स्प्रॉकेट इंजिनाच्या मधोमध नसतं, एका बाजूला असतं. त्यामुळे इंजिन नुसतं मागं सरकत नाही, तिरकंही होतं. पुढचं स्प्रॉकेट आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत राहत नाहीत. चेन लांब, कारण स्विंगआर्म लांब. क्लच बसला की ताण, टायर फसकला की ढील, परत ताण. अशा वेळी चेन उतरते किंवा तुटते. ती चेन स्वाराच्या पायाजवळून धावते. वडिलांनी पत्रात चासीच्या तड्याची काळजी केलीय. मी त्यांच्या जागी असतो तर चेनचीही केली असती.

म्हणजे बघा, ज्या मऊपणामुळे रबर कंप अडवतं, त्याच मऊपणामुळे ते चेनखाली सरकतं. दोन वेगळे गुण नाहीत हे. एकच आकडा दोन ठिकाणी दिसतोय. एक हवा आणि दुसरा नको, असं मागायची सोयच नाही.

मग तुम्ही म्हणाल, मधलं काहीतरी घ्या. थोडं कडक रबर किंवा पॉलियुरेथेनचे बुश. बाजारात मिळतातच. मध्यममार्ग! आता भगवान बुद्धांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, इथं मध्यममार्ग सर्वांत वाईट निघू शकतो. आपल्या उदाहरणात सरकणं अर्ध्या मिलिमीटरवर आणायचं तर माउंट नऊपट कडक हवं. नऊपट कडक म्हणजे इंजिनाची स्वतःची गती तिप्पट, सेकंदाला ९०. मिनिटाला ५४०० फेऱ्या. अहो, ही तर इंजिनाची कामाची जागा! मऊ रबर १८०० ला थरथरत होतं, तिथं गाडी नुसती उभी असते. हे भर रस्त्यात, म्हणजे भर वाळूत थरथरणार, आणि ७६०० च्या खाली कंप अडवणार नाहीच, उलट वाढवणार. पॉलियुरेथेनमध्ये कंप जिरवण्याचा थोडा गुण असतो, म्हणून प्रत्यक्षात इतकं भयानक होत नाही. पण 'मधलं' म्हणजे 'सुरक्षित', हा निष्कर्ष इथं बसत नाही एवढं नक्की.

आता मुलाच्या बाजूचा एक युक्तिवाद. शर्यतवाल्यांत फार ऐकू येतो तो: रबर ताकद खातं. हे तपासता येतं. ५६०० न्यूटनच्या ताणाखाली साडेचार मिलिमीटर दबलेल्या रबरात साठते साडेबारा ज्यूलच्या आसपास ऊर्जा. गाडी आणि स्वार मिळून अडीचशे किलो, वेग ताशी ९० किलोमीटर, तर त्यांची गतिज ऊर्जा होते ७८ हजार ज्यूल. साडेबारा कुठं आणि ७८ हजार कुठं! आणि त्या साडेबारातलेही बहुतेक रबर परत देतं. तेव्हा सॉलिड माउंटनं हॉर्सपॉवर वाढत नाही. मिळतं ते वेगळं. चेन सरळ राहते, क्लच सोडल्यावर गाडीचं उत्तर प्रत्येक वेळी सारखं येतं, आणि इंजिन चासीचाच एक भाग होऊन तिला कमी पिळू देतं. शर्यतीत हे फायदे छोटे नाहीत. पण कारण चुकीचं दिलं की पुढचे निर्णयही चुकतात.

दुसरी गोष्ट. 'सॉलिड लावल्यावर फरक लगेच जाणवला,' असं बहुतेक जण सांगतात. जाणवला असेल. पण तुलना कशाशी झाली? गाडी निदान वीस वर्षांची. काढलेला बुश तितकाच जुना, उन्हानं कडक झालेला, चिरलेला, तेलानं फुगलेला. मघाशी म्हटलं ना, रबराला आठवण असते. शिवाय माउंट बदलताना सगळे बोल्ट नव्यानं आवळले, चेन नव्यानं सरळ केली. मग फरक सॉलिडचा, की नव्याचा, की आवळण्याचा? एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम आपण तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवतो आणि गॅरेजमध्ये विसरतो. नव्या रबराशी तुलना केलेला माणूस मला अजून भेटायचाय.

आता तड्याकडे येऊ, कारण खरा पैसा आणि खरा धोका तिथं आहे.

लुडविग विटगेनस्टाइन मुळात इंजिनिअर. बर्लिनला यंत्रविद्या शिकला, मँचेस्टरला विमानांवर संशोधन केलं, १९११ साली प्रोपेलरचं पेटंटही घेतलं. नंतर 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'मध्ये तो यंत्राचं उदाहरण घेतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की यंत्राची हालचाल जणू आधीच ठरलेली आहे असं आपण बोलतो तेव्हा त्याचे भाग वाकू शकतात, तुटू शकतात, वितळू शकतात हे विसरलेले असतो. त्याचा मुद्दा नियमांविषयी होता, गाड्यांविषयी नव्हता. पण 'सॉलिड' हा शब्द आपल्याला नेमकं हेच विसरायला लावतो. सॉलिड माउंट म्हणजे न वाकणारं माउंट नव्हे. वाकणं आता रबरात होणार नाही, ते दुसरीकडे होईल, एवढाच त्याचा अर्थ. दुसरीकडे म्हणजे कुठं? जिथं सर्वांत आधी वाकेल तिथं. बहुधा ब्रॅकेटच्या वेल्डिंगच्या कडेला.

धातू एका मोठ्या झटक्यानं तुटतो तसा लाखो छोट्या झटक्यांनीही तुटतो. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्योलर ह्या जर्मन इंजिनिअरनं रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवलं. पोलादाला साधारण एक मर्यादा असते, ताण तिच्या खाली ठेवला तर ते जवळपास कितीही फेरे सोसतं. अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. फेरे मोजतच राहतं. बॅन्शीची चासी पोलादी नळ्यांची आहे, क्रँककेस ओतीव अॅल्युमिनियमची. चासीचा तडा वेल्डिंगनं निघतो. क्रँककेसचा माउंटचा कान तुटला तर खर्च फार मोठा.

आता फेरे मोजू. शर्यतीची एक धाव ५ सेकंदांची धरा, ९००० फेऱ्यांनी. एका धावेत क्रँक फिरला ७५० वेळा. आणि हाच मुलगा सुट्टीत चार तास टेकड्यांवर हिंडला, सरासरी ६००० नं, तर १४ लाख ४० हजार वेळा. म्हणजे हिंडण्याचा एक दिवस बरोबर एकोणीसशेच्या वर धावा! एवढ्या धावा तो काही वर्षांतही मारणार नाही.

मला वाटतं ह्या बाप-लेकाच्या भांडणाचं मर्म इथं आहे. शर्यतवाले सॉलिड माउंट वापरतात आणि त्यांची चासी टिकते, कारण ती गाडी जगतेच काही सेकंद. ट्रेलरवरून उतरते, धावते, परत चढते. मुलानं त्यांचं माउंट घेतलं, आयुष्य घेतलं नाही. चासीचा तडा शर्यतीनं नव्हे, बाकीच्या दिवसांनी पडला असावा, असा माझा कयास आहे. हातांचंही तेच. पाच सेकंद हँडल कितीही थरथरलं तरी बिघडत नाही. चार तास, दर आठवड्याला, ही वेगळी गोष्ट. युरोपात कामगारांच्या हातांना पोचणाऱ्या कंपावर कायद्यानं मर्यादा आहे, आठ तासांच्या सरासरीला ५ मीटर प्रतिसेकंद वर्ग. हौशी स्वारावर कुणाची मर्यादा नाही.

बसवण्याविषयी एक महत्त्वाची गोष्ट सांगायलाच हवी. रबर मापातली चूक पोटात घालतं. इंजिनाचा कान आणि चासीचा ब्रॅकेट ह्यांत मिलिमीटरभर फट असली तर रबर ती भरून काढतं. सॉलिडमध्ये ती फट बोल्ट आवळून 'बंद' केली, की क्रँककेस गाडी सुरू व्हायच्या आधीच ताणलेली राहते. म्हणून बोल्ट सैल ठेवून इंजिन बसवायचं, फट मोजायची, तिथं योग्य जाडीचा वॉशर घालायचा आणि मगच आवळायचं. दुसरं, अर्धे माउंट सॉलिड आणि अर्धे रबर असं करू नये. सगळा भार कडक जागा घेतात आणि त्याच आधी जातात. पत्रात दोन माउंट सॉलिड केल्याचं लिहिलंय. तिसऱ्याविषयी लिहिलेलं नाही. ते आधी बघा, म्हणून मी कळवलंय.

तर निवाडा. गाडी फक्त शर्यतीची ठेवणार असाल तर मुलाचं बरोबर आहे. सगळे माउंट सॉलिड, फट मोजून, आणि ब्रॅकेटला आतून पट्टी मारून. शर्यत आणि हिंडणं दोन्ही त्याच गाडीवर करणार असाल, तर वडिलांचं बरोबर. पण जुने रबर परत लावू नका, नवे आणा, आणि चेनला मजबूत गार्ड बसवा. एखादी शर्यत त्यामुळे जाईल. ते मुलाला पटणार नाही, हे मी जाणून आहे. माझ्या हातात चाव्या असत्या तर मी तरी असंच केलं असतं.

प्रश्न घेऊ या. हां, बोला.

(श्रोत्यांतून: बुलेटचं इंजिन तर थेट चासीला बोल्टनं बसवलेलं असतं. मग तिला तडे का जात नाहीत?)

छान प्रश्न. जुन्या साडेतीनशे बुलेटचा स्ट्रोक ९० मिलिमीटर, पिस्टनही जड, म्हणजे हलवणारं कारण मोठं. पण ती सावकाश फिरते. हे बळ फेऱ्यांच्या वर्गानं वाढतं. ५००० ऐवजी ८५०० फेऱ्या म्हणजे जवळजवळ तिप्पट बळ. आणि मुख्य म्हणजे तिची चासी आणि प्लेटा पहिल्यापासून त्याच हिशोबानं केलेल्या आहेत, इंजिन तिथं सांगाड्याचाच भाग आहे. बॅन्शीची चासी रबर आहे असं धरून केलेली. मूळचं सॉलिड आणि मागून केलेलं सॉलिड ह्यांत हा फरक. बाकी बुलेटवाल्यांना विचारा, नट-बोल्ट किती वेळा आवळावे लागतात ते. हसतायत बघा.

(श्रोत्यांतून: तडा आहे की नुसता रंग गेलाय, हे घरी कसं ओळखायचं?)

आधी डिग्रीजरनं स्वच्छ धुवायचं. चिखलाखाली काही दिसत नाही. मग बॅटरी तिरकी धरून बघायचं, समोरून नाही. रंगाच्या भेगेतून गंजाची बारीक तपकिरी रेघ बाहेर आलेली दिसली तर तडा समजा. शंका असेल तर डाय पेनिट्रंटचा स्प्रे मिळतो. लाल रंग मारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. तडा असेल तर लाल रेघ वर येते. अॅल्युमिनियमवरही चालतं. आणि वेल्डिंग करायच्या आधी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडायला वेल्डरला सांगा, नाहीतर तो तिथून पुढं चालत राहतो.